आदामाची माती आणि टाकळघाटचे दगड

बी. ए.ला इतिहास घेतला की प्रागैतिहासिक काळ हे प्रकरण कुणाला चुकत नाही. पुराश्मयुग, मध्याश्मयुग, नवाश्मयुग ही नावे पाठ करावी, दगडी हातकुऱ्हाडीची आकृती काढावी, की बहुतेकांचे काम भागते. माझे भागत नाही. मी अकोल्याच्या ख्रिस्ती घरातली, आणि त्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. सहा दिवसांत झालेली सृष्टी, मातीचा आदाम आणि त्याच्या फासळीची हव्वा हे शब्बाथ शाळेत ऐकतच मी वाढले. पेपरात लाखो वर्षे लिहायची आणि रविवारी सहा दिवस म्हणायचे, हा दोन वह्यांचा व्यवहार मला पटत नाही. त्यासाठी हा लेख.

प्रथम एक आकडा बाजूला काढला पाहिजे. जग इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये निर्माण झाले असे पुष्कळ जण बायबलच्या नावावर सांगतात. पवित्र शास्त्रात हा आकडा कोठेही नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी वंशावळीतील वयांची बेरीज करून आणि इतर प्राचीन इतिहासाशी ती जुळवून १६५० साली तो प्रसिद्ध केला. पुढे १७०१ पासून तो इंग्रजी बायबलच्या समासात छापला जाऊ लागला आणि समासातली गोष्ट लोकांनी मजकुरात धरली. विद्यार्थ्यांच्या गाइडातही असेच होते म्हणा!

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. बडनेऱ्याहून नागपूरला जाताना बुटीबोरी स्टेशन लागते. त्याच्या जवळच टाकळघाट. तेथे मोठमोठे दगड गोलाकार रचलेली प्राचीन दफनस्थळे आहेत. ही शिळावर्तुळे पाहून परतत असताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडून वारले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचे नाव आहे तेच हे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. शाळा काढली, उपदेश केला, आणि उरलेल्या वेळात हातोडी घेऊन खडक फोडले. त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूर प्रांताच्या भूगर्भावर लिहिलेले निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने छापले. हिस्लॉपाइट नावाचे एक खनिजही आहे. गोंडांच्या लिंगोची उत्पत्तिकथाही त्यांनी लिहून घेतली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली.

टाकळघाटच्या वर्तुळांमुळे उत्पत्तीच्या पुस्तकाला धक्का बसत नाही. नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी १९६८ साली टाकळघाट-खापा येथे उत्खनन केले. त्यात लोखंडी हत्यारे आणि घोड्यांचे अवशेष मिळाले. तो काळ इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या हजार वर्षांतला, म्हणजे अशरच्या हिशेबातही बसणारा. खरी अडचण होती हिस्लॉप ज्या खडकांत शिंपले शोधत होते त्या खडकांची. आपली काळी माती ज्या खडकापासून झाली तो लाव्हारस सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. नागपूरजवळ टाकळी येथे लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातील गोगलगायींचे आणि वनस्पतींचे अवशेष हिस्लॉपना मिळाले. याचा अर्थ असा की लाव्हा आला, थंड झाला, त्यावर तळे साचले, तळ्यात जीव वाढले, मेले, आणि मग पुन्हा लाव्हा आला. हे एका आठवड्यात होणारे काम नव्हे, आणि नोहाच्या एका जलप्रलयाचेही नव्हे.

मग हिस्लॉपच्या चर्चने डोळे मिटून घेतले काय? नाही. त्या चर्चचे पुढारी टॉमस चामर्स मानत की उत्पत्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वचनांच्या मध्ये वाटेल तेवढा काळ गेला असेल. त्याच चर्चमधले भूवैज्ञानिक ह्यू मिलर यांच्या मते 'दिवस' म्हणजे युग. मला हे दोन्ही उपाय थोडे ओढूनताणून वाटतात. कारण सूर्य चौथ्या दिवशी झाला असे तेथे म्हटले आहे. सूर्याआधीचे तीन दिवस कोणत्या घड्याळाने मोजायचे? संत ऑगस्टीन यांनी पंधराशे वर्षांहून अधिक काळापूर्वीच म्हटले होते की हे दिवस आपल्या दिवसांसारखे नसावेत, आणि सृष्टीविषयी अज्ञान प्रकट करून ख्रिस्ती माणसाने शास्त्राचे हसे करून घेऊ नये. तेव्हा डार्विनचा जन्म व्हायला चौदा शतके बाकी होती.

पण खडकांचे वय मान्य केले तरी माणसाचे काय? हिस्लॉप गेले त्याच १८६३ साली, ३० मे रोजी, रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरमला दगडी हत्यार सापडले. १९८२ मध्ये नर्मदाकाठी हथनोरा येथे अरुण सोनकिया यांना मानवी कवटीचा जीवाश्म मिळाला. तो लाखाहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. आपल्या मोर्शी तालुक्याच्या सीमेवर, धारूळजवळच्या सातपुड्यात, अमरावतीच्या निसर्गप्रेमींनी २००७ पासून चित्रे असलेल्या गुहा उजेडात आणल्या. हे सारे मी घरी सांगितले तेव्हा आजी म्हणाली, "काय वं पोरी, मानूस माकडापासून झाला म्हन्तेत तुह्या पुस्तकात? मंग देवानं मातीत हात कायले घातला?"

आजच्या माकडापासून माणूस झाला असे विज्ञान म्हणत नाही. दोघांचे पूर्वज फार मागे एक होते एवढेच ते म्हणते. पण आजीचा प्रश्न त्याने संपत नाही, कारण तो माकडाचा नाहीच, मातीचा आहे. आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. सर्व माणसे एकाच मातीची, एकाच आदामाची लेकरे, हे त्यांनी मिशनच्या माणसाकडून ऐकले आणि त्या एका गोष्टीवर ते गाव सोडून निघाले. कोणी देवाच्या मुखातून आणि कोणी पायातून झाला, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले होते. आदाम गेला तर पणजोबांचा आधार जातो, अशी भीती मला वाटत होती. प्रत्यक्षात विज्ञानही तेथेच येते. आजच्या सर्व मानवांचे मूळ आफ्रिकेत, आपली जात सुमारे तीन लाख वर्षांची, आणि तिच्यात वेगळ्या मुखाची वा पायाची माणसे नाहीत.

हिब्रू भाषेत 'आदाम' म्हणजे माणूस आणि 'अदामा' म्हणजे जमीन. मेळघाटातले कोरकू बांधव स्वतःला कोरकू म्हणतात, त्याचाही अर्थ माणसेच. त्यांची कथा रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या ग्रंथात नोंदली आहे. महादेवाने बैतुलच्या डोंगरात वारुळाची लाल माती घेऊन स्त्रीपुरुषांच्या मूर्ती केल्या. इंद्राचे घोडे त्या तुडवीत, म्हणून आधी कुत्रा करून राखणीला ठेवला आणि मग मुला व मुलाई ही पहिली जोडी घडवली. धारूळच्या गुहाही त्याच डोंगररांगांत आहेत. ही कथा ऐकून कोणी वारूळ खणायला निघत नाही. 'आपण कोण' याचे ते उत्तर आहे, 'केव्हा' याचे नाही. उत्पत्तीचे दुसरे प्रकरण मी याच रीतीने वाचते. तेथेच पुढे काईनाला इतर माणसे आपल्याला मारतील अशी भीती वाटते, त्याला बायको मिळते, तो नगर वसवतो. लिहिणाऱ्याला आदामाच्या कुटुंबाबाहेर माणसे दिसत असावीत. कॅथलिक चर्चने १९५० साली मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करण्यास मोकळीक दिली, आणि १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही केवळ कल्पना राहिलेली नाही असे मान्य केले. आम्हा प्रॉटेस्टंटांत अजून दोन्ही मते आहेत.

एक गाठ मात्र अवघड आहे. पौल म्हणतो की पापामुळे मरण जगात आले. पण हिस्लॉपच्या गोगलगायी तर आदामाआधी कोट्यवधी वर्षे मेल्या! यावर मी उत्पत्ती पुन्हा वाचले. फळ खाशील त्याच दिवशी मरशील, असे आदामाला बजावले होते. तरी तो ९३० वर्षे जगला असे तेच पुस्तक सांगते. तेव्हा तेथले मरण केवळ देहाचे नसावे, देवापासून तुटण्याचे असावे. हे मी आमच्या पाळकसाहेबांना दाखवले. त्यांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय सावकाश वाच, आणि मग ये, म्हणाले. तो सध्या वाचते आहे.