लोधिवलीचा उन्हाळा आणि सुट्टीत मागे राहिलेले विद्यार्थी

रसायनी, कुंभिवली, खोपोली आणि कर्जत येथील महाविद्यालयांमुळे लोधिवलीभोवतालचा आमचा हा मुलुख विद्यार्थ्यांनी गजबजला असला, तरी त्यास विद्यानगरीचा घाट काही आलेला नाही. अंतरे खेड्यांची, वाहनांची सोय खेड्यांची, असाच येथील कारभार आहे. परीक्षा मे महिन्यात रेंगाळल्या, की वसतिगृहांतून किंवा आमच्यासारख्यांच्या माडीवर भाड्याने राहिलेली मुले सुट्टीतही येथेच अडकून पडतात; आणि इर्शाळ, प्रबळ, माथेरान, माणिकगड असे डोंगर चहूकडून खुणावत असता पंख्याखाली लोळत राहणे त्यांच्या वयास मानवत नाही.

आमच्या माडीवर अकोल्याचा एक विद्यार्थी राहत असे. पारा ४५ अंशांवर गेलेला लहानपणापासून पाहिलेल्या त्या मुलास आमच्या ३८-३९ अंशांचे हसू येई. विदर्भातले ऊन कोरडे. घाम सुटताच उडून जातो आणि त्यासरशी अंग निवते. येथे समुद्राकडून येणारी दमट हवा डोंगरांच्या कुशीत कोंडून बसते, घाम नुसता निथळत राहतो आणि देहाचा ताप आतल्या आत साठत जातो, ही गोष्ट त्यास पटवून देण्याचे माझे सर्व प्रयत्न व्यर्थ गेले. एका रविवारी चौक गावाहून रामबागेच्या वाटेने माथेरान चढण्याचा त्याने हट्ट धरला, आणि एकट्यास धाडणे जिवावर आले म्हणून मीही निघालो. पण स्वारी उठलीच उशिरा, त्यामुळे चढणीला लागेतो नऊ वाजून गेले होते.

अखंड बडबडणारा तो मुलगा अर्ध्या चढावर आधी गप्प झाला, आणि मग डोंगराच्या मध्यावर उभा राहून, ‘‘काका, बसस्टँड अजून किती लांब?’’ असे त्याने मला गंभीरपणे विचारले. हात लावून पाहतो तो अंग तव्यासारखे तापलेले. आंब्याच्या सावलीत त्यास निजवून मी पाणी तोंडाशी नेणार, तोच करवंदांची पाटी घेऊन उतरणाऱ्या एका ठाकर बाईने माझा हात धरला. ‘‘भाऊ, शुद्धीत नाय त्यो, ठसका लागंल. आधी निववा त्याला,’’ असे म्हणत तिने पाटी खाली ठेवली, माझा पंचा आपल्या बाटलीतल्या पाण्याने भिजवून त्याच्या मानेखाली व काखांत दाबला आणि पळसाची दोन रुंद पाने तोडून ती वारा घालू लागली. बऱ्याच वेळाने त्याने तिच्याकडे पाहून करवंदांचा भाव विचारला, तेव्हा कोठे माझा जीव भांड्यात पडला. नशीब थोर म्हणून एवढ्यावर निभावले. चालणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, की तो थट्टा करतो आहे असे क्षणभरही समजू नये. अंग ओले करून वारा घालावा, शुद्ध येईपर्यंत तोंडात काही घालू नये आणि त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

याच डोंगरावर १८५० सालच्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चढला होता. मुक्काम चौकास. पहिल्या दिवशी संध्याकाळी कड्याखालपर्यंत जाऊन तो मुकाट्याने माघारी आला आणि दुसऱ्या दिवशी पाणी व गावचा वाटाड्या सोबत घेऊन वर पोहोचला. साहेबाच्या अन्य गुणावगुणांचा निवाडा इतिहासकारांनी करावा. हा त्याचा क्रम मात्र आजच्या मुलांनी जसाच्या तसा उचलावा.

अंतरांचा हिशेब येथे नकाशावरून करू नये. माथेरान डोक्यावर असल्यासारखे दिसते, परंतु वाहनाने जावयाचे तर चौक, कर्जत, नेरळ असा वळसा पडतो. नेरळची टॅक्सी दस्तुरीपर्यंतच, पुढे मोटारींना मज्जाव. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळच्या छोट्या गाडीचे तिकीट सुट्टीच्या दिवसांत मिळणे दैवाधीन असल्यामुळे दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकावरून सुटणारी शटल धरावी, नाहीतर तांबड्या मातीच्या रस्त्याने झाडांखालून सरळ चालत सुटावे. दुचाकी बाळगणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की द्रुतगती मार्गावर त्यांना बंदी आहे, आणि जुन्या रस्त्यावर कंटेनरांची वर्दळ असते. मिनीडोर भरल्याखेरीज जागची हलत नाही. एसटीतून उतरतानाच परतीची शेवटची गाडी कोणती हे वाहकास विचारून घ्यावे.

खोपोलीस रेल्वे १८५६ सालीच पोहोचली होती आणि घाटातली वाट १८६३ साली खुली होईपर्यंत पुण्याचा उतारू तेथून पालखीने किंवा तट्टावरून घाट चढत असे; पुढे मुख्य मार्ग पळसदरीवरून वर गेला आणि खोपोली फाट्यावर पडली. त्या एकेरी लोहमार्गावर आजही गाड्या तुरळकच. कर्जतास खोपोलीची गाडी चुकली, तर दिवाडकरांचा वडा खाऊन फलाटावरच्या सावलीत पुस्तक उघडावे हे उत्तम. खोपोलीस नाना फडणविसांनी बांधलेले तळे व महादेवाचे देऊळ आहे, महडास वरदविनायक आहे. सकाळी लवकर गेल्यास दोन्ही ठिकाणी निवांतपणा लाभतो. इमॅजिका या मनोरंजन उद्यानाविषयी मी काय सांगावे? तेथली वाट मुलांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

पाताळगंगेविषयी मात्र सांगणे प्राप्त आहे. कोकणातल्या अनेक नद्या मे महिन्यात कोरड्या पडलेल्या असता ही वाहते, याचे कारण निसर्गात नाही. लोणावळ्याकडच्या तलावांतले पाणी नळांतून खाली आणून टाटांच्या खोपोलीच्या केंद्रात १९१५ पासून वीज निर्माण होते, आणि तेच पाणी पुढे या पात्रात येते. साहजिकच पाणी सुटेल त्याप्रमाणे पातळी वाढते, आणि आकाशात ढगाचा ठिपका नसल्यामुळे पोहणाऱ्यास त्याची शंकाही येत नाही. गुडघाभर पाणी पाहून अनोळखी डोहात उतरू नये.

जून लागला, की आणखी एक पथ्य. इर्शाळगडाच्या वाटेवरील इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून गाडली गेली. ती जागा पाहण्यासारखी म्हणून कोणी जाऊ नये. प्रबळगड-कलावंतिणीकडेही पावसाळ्यात मनाई हुकूम लागू होत असल्यामुळे निघण्यापूर्वी तशी चौकशी करावी, आणि हुकूम निघाला असेल, तर चोरवाट दाखवणाऱ्या मित्राचे न ऐकता पनवेलची एसटी पकडून घरी जावे. निकाल लागेपर्यंत खोलीचे भाडे मी धरणार नाही.