सर्व्हेचा कागद आणि रांगोळीचा नकाशा



"मावशी, दहाच मिनिटं लागतील," असं म्हणत सर्व्हेवाले आपल्या वस्तीत वर्षातून दोन-तीनदा तरी येतात. घरात माणसं किती, पाणी कुठून भरता, संडास घरचा की सार्वजनिक, शेवटचं बाळंतपण कुठे झालं. कधी बोट टोचून रक्तही घेतात. आपण चहा ठेवतो, उत्तरं देतो, ते जातात. पुढे काय झालं हे सांगायला कोणी फिरकत नाही.

आमच्या शेजारच्या वस्तीत काही वर्षांपूर्वी बायकांचं रक्त असंच तपासायला नेलं होतं. रिपोर्ट घरपोच देऊ असं सांगितलं होतं. एकीलाही कागद मिळाला नाही. त्यातली एक मुलगी पुढे बाळंतपणाला गेली, तेव्हा तिचं हिमोग्लोबिन साडेपाच निघालं. सातच्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. ऐनवेळी रक्ताच्या पिशव्यांसाठी भावाची धावपळ झाली. मुलगी वाचली. पण रक्त तपासलं त्याच महिन्यात तिला आकडा कळला असता, तर औषधाला पुरेसा वेळ होता.

म्हणून काही वस्त्यांत आता म्हणतात, सर्व्हेवाल्यांना दारातूनच परत पाठवा. राग आम्हाला समजतो, पण हे आम्हाला पटत नाही. आपण अभ्यासात नसलो की आपला आजार कागदावर येत नाही, आणि कागदावर नसलेल्या आजाराला औषधही येत नाही. सिकलसेलचंच बघा. विदर्भात हा आजार आदिवासी घरांत आहे तसाच बौद्ध घरांतही आहे. पण तो आदिवासींचा आजार म्हणूनच ओळखला गेला. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचा भरही आदिवासी भागांवरच आहे. ते योग्यच आहे, पण त्यामुळे नागपूरकडच्या आपल्या घरांतही लग्नाआधी ही तपासणी करावी हे कित्येकांच्या गावी नसतं.

तेव्हा प्रश्न अभ्यास व्हावा की नको हा नाही. प्रश्न कोण विचारणार आणि काय विचारायचं हे कोण ठरवणार, हा आहे. विनयात आजारी भिक्खूची गोष्ट आहे, वर्षावासात आपण ती ऐकतो. तथागतांनी त्याला आंघोळ घातली हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण त्याआधी त्यांनी त्यालाच विचारलं होतं, तुला काय होतंय, तुझ्याजवळ कोणी का नाही.

गेल्या वर्षावासात आम्ही विहारात बायकांबरोबर हे करून पाहिलं. फॉर्म नाही, पेन नाही. वंदना झाल्यावर फरशीवर रांगोळीने आपल्या वस्तीचा नकाशा काढायला सांगितलं. नाला, विहार, रेशन दुकान, नळ, संडास. सुरुवातीला हसणं चाललं होतं, "माझं घर एवढंसं काय काढलंस" म्हणून. मग प्रत्येकीला मूठभर चिंचोके दिले आणि म्हटलं, जिथे तुम्हाला त्रास होतो तिथे ठेवा. आम्हाला वाटलं होतं, ढीग नाल्यावर पडेल, कारण डेंग्यूची सगळी चर्चा तिथलीच. ढीग पडला संडासावर.

का, असं विचारलं. अंधार आहे. का जाता मग अंधारात? नाहीच जात. मग काय करता? थोडा वेळ कोणी बोललं नाही. नंतर एक आजी म्हणाल्या, "चार वाजल्यापासून पाणी पीत नाही गं आम्ही." एकेक करत बहुतेकींनी तेच सांगितलं. पुढच्या रविवारी जुन्या कॅलेंडरच्या मागे बाईच्या शरीराची बाह्यरेषा काढली आणि दुखतं तिथे टिकल्या लावायला सांगितल्या. ओटीपोट टिकल्यांनी भरून गेलं. लघवीला जळजळ कितीजणींना आहे हे आजवरच्या कोणत्याच सर्व्हेत आलं नव्हतं. "संडास आहे का", या प्रश्नाला सगळ्यांनी "आहे" असंच उत्तर दिलं होतं ना!

इथे आरोग्याचं सांगून टाकतो. लघवी दाबून ठेवणं आणि पाणी कमी पिणं, या दोन्हींमुळे मूत्रमार्गात जंतुसंसर्ग व्हायला वाव मिळतो. जळजळ, वारंवार लघवीला लागणं, लघवीला वास येणं ही लक्षणं दिसली तर आरोग्य केंद्रात लघवी तपासून घ्या, मेडिकलमधून मनाने गोळ्या घेऊ नका. थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत दुखलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरोदर बाईने तर थांबूच नये, या संसर्गाने बाळंतपण वेळेआधी होऊ शकतं.

ही पद्धत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासीबहुल भागात 'एकजूट' या संस्थेने २००५ ते २००८ या काळात गावोगावी बायकांचे गट बसवले. चित्रांची पत्ती, गोष्टी, खेळ यांतून बायकांनीच बाळ का दगावतं हे शोधलं, उपाय ठरवले, करून पाहिले. गट चालवणारी बाई तिथलीच. गट नसलेल्या गावांशी तुलना केली, तेव्हा तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी निघाले. २०१० मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. चीनच्या युन्नान प्रांतात १९९० च्या दशकात खेड्यातल्या बायकांच्या हातात कॅमेरे देऊन असाच अभ्यास झाला होता. आता मोबाइल सगळ्यांकडे आहे, तेही करता येईल. मात्र कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. मुंबईच्या ४८ वस्त्यांत 'स्नेहा' संस्थेने बायकांच्या गटांचा असाच प्रयोग केला. बाळांच्या मृत्यूंत म्हणावा तसा फरक पडला नाही, आणि त्यांनी २०१२ मध्ये तसं प्रामाणिकपणे छापलं. नंतर चार देशांतले सात प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की जिथे गरोदर बायकांपैकी निदान ३० टक्के गटात आल्या, तिथेच फायदा ठळक झाला. शहरातल्या वस्तीत भाड्याची खोली बदलते, सून दुपारी धुणीभांड्याला जाते, नवी आलेली कुणाला ओळखत नाही. आमचंही तेच झालं. पहिल्या दोन रविवारी आलेल्या सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. लेकुरवाळ्या कुठे आहेत, तर कामावर. तिसऱ्या वेळी रात्री साडेआठला बसलो, मुलं बरोबर आणा म्हटलं, तेव्हा कुठे चार तरुण सुना आल्या.

आता कोणी अभ्यासाला आलं तर चहाच्या आधी विचारा. हा अभ्यास कोणाचा, पैसा कोण देतंय? नीतिसमितीची मंजुरी आहे का, समितीचा फोन कागदावर आहे का? सही केलेल्या कागदाची प्रत मागून घ्या. ती मिळणं हा तुमचा हक्क आहे. मध्येच नाही म्हणता येतं, त्यामुळे दवाखान्यातला उपचार कोणी थांबवू शकत नाही. नव्या औषधाची किंवा लसीची चाचणी असेल तर तिची सरकारी नोंद झालेली असलीच पाहिजे, नोंदणी क्रमांक मागा. आणि चाचणीमुळे अपाय झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार, तेही लिहून घ्या. रक्त देत असाल तर रिपोर्ट कोणत्या तारखेला, कोणाच्या हातात, हेही कागदावर हवं. वाचता येत नसेल तर दहावी-बारावीच्या मुलीला शेजारी बसवा. आणि निष्कर्ष निघाल्यावर विहारात येऊन मराठीत सांगा, ही अट आधीच घाला. खरा अभ्यासक याला नाही म्हणत नाही.

रांगोळी पुसायच्या आधी तिचा फोटो काढला होता. तो फोटो, चिंचोक्यांचे आकडे आणि सह्यांचं निवेदन आम्ही वॉर्ड ऑफिसात दिलं. दिवा सव्वा महिन्याने लागला. संडासाच्या दारांना आतून कड्या नाहीत, त्यासाठी दुसरं निवेदन दिलं आहे. त्याची पोच महिला मंडळाच्या फाइलमध्ये लावून ठेवली आहे.