ऊन आणि तेल यांची वीज

आफ्रिकेत नायजेरिया नावाचा मोठा देश आहे. तेथे जमिनीत तेल आहे. 1956 साली ओलोइबिरी या गावी ते सापडले. आज हा देश जगाला तेल विकतो. पण घरी मात्र अंधार! तारेतली वीज येते कधी, जाते कधी, नेम नाही. म्हणून लोक घरोघर लहान इंजिन ठेवतात. आवाज, धूर आणि तेलाचा खर्च! कोणी ते बंद खोलीत चालवतो. त्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसे झोपेतच दगावतात. आपल्याकडे विहिरीत इंजिन चालवून माणसे गेली, ती याच वायूने.

त्या देशाच्या एबोनी राज्यात एक विद्यापीठ आहे. विद्यापीठ म्हणजे कॉलेजाच्याही वरची शाळा. या भागात आपल्या कोकणासारखा भात पिकतो. 2019 साली तेथे स्वतःचे वीजघर सुरू झाले. ते बांधले मुंबईच्या स्टर्लिंग अँड विल्सन कंपनीने. वीजघर 2.8 मेगावॉटचे. म्हणजे 5 अश्वशक्तीचे सुमारे 750 पंप चालतील एवढे. या योजनेत विद्यापीठातल्या मुलींनाही हाताशी धरून काम शिकवले. वाटेवर दिवे लागले. रात्री अभ्यास करून खोलीवर परतणाऱ्या मुलीला त्या दिव्याचे मोल विचारा!

आता हे चालते कसे, ते पाहू. मोकळ्या जागी सोलरच्या पाट्यांच्या रांगा मांडतात. पाटीवर ऊन पडले की वीज तयार होते. चाक फिरत नाही, काही जळत नाही. ही वीज एकाच दिशेने वाहते. पंख्याला लागते ती उलटसुलट वाहणारी. हा बदल करणाऱ्या यंत्राला इन्व्हर्टर म्हणतात. दिवसा उरलेली वीज बॅटऱ्यांत भरतात. आपण धान्य कणगीत भरतो ना, तसे. रात्री कणगी उघडायची. चार दिवस आभाळ भरून राहिले, कणगी रिकामी झाली, की डिझेलचे इंजिन सुरू करायचे. इंजिन घरातल्या म्हाताऱ्यासारखे. अडीनडीला हाक मारायची. (आम्हांला हा मान पुरे आहे.)

हिवाळ्यात तिकडे सहारा वाळवंटाकडून कोरडा वारा येतो. त्याला हरमॅटन म्हणतात. मग पाट्यांवर पिठासारखी धूळ बसते. मळकी पाटी वीज कमी देते. म्हणून पाणी आणि मऊ फडके घेऊन त्या पुसाव्या लागतात. तेही सकाळीच, पाट्या गार असताना. तापल्या काचेवर गार पाणी पडले तर काच तडकण्याचे भय असते.