काळा धूर दिसला की लगेच नोझल खोलू नका

मैत्रिणींनो, दूध, भाजीपाला नाहीतर मसाल्याची पोती न्यायला गटाने जुनी डिझेल पिकअप घेतली असेल, तर हा पाठ ड्रायव्हरला सोबत घेऊन वाचा. गाडी चढाला ओढेनाशी होते, मागून काळा धूर निघतो, डिझेल जास्त लागतं. गॅरेजवाला म्हणतो, "ताई, नोझल आणि पंप खोलावा लागेल." त्या एका कामात कर्जाचा हप्ता मागे पडू शकतो. नोझल खरंच गेलं असेल तर काम करायलाच हवं. पण २०१० नंतरच्या अनेक डिझेल गाड्यांत ईजीआर नावाचा एक लहान व्हॉल्व असतो, आणि तो अडकला तरी हीच लक्षणं दिसतात.

हा व्हॉल्व काय करतो? इंजिनातला जाळ फार तापला की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन फुप्फुसांना वाईट असे वायू तयार होतात. म्हणून सायलेन्सरकडे निघालेला थोडा जळका वायू परत इंजिनात सोडतात. त्यात ऑक्सिजन कमी असल्याने जाळ मवाळ राहतो. गाडी स्लोवर किंवा हलक्या भारावर असताना व्हॉल्व उघडतो. भरलेली गाडी चढ चढताना मात्र तो बंद असायला हवा, कारण तेव्हा इंजिनाला सगळी ताजी हवा लागते.

काजळी साचून व्हॉल्व उघडाच अडकला की काय होतं ते आपल्याला चुलीवरून कळेल. हवा कमी पडली की लाकूड धुमसतं, तसंच डिझेल अर्धवट जळतं. काळा धूर येतो, ओढ जाते, स्लोवर इंजिन थरथरतं, कधी बंदही पडतं. व्हॉल्व बंद अवस्थेत अडकला तर धूर दिसत नाही, ओढही नीट असते. फार तर इंजिन ठोकल्यासारखा आवाज येतो किंवा डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो. म्हणजे काळा धूर असेल तर "व्हॉल्व उघडत नाही" हे निदान जुळत नाही. हे मिस्त्रीला बिनधास्त विचारा.

तपासणी स्वस्तापासून सुरू करायची. आधी एअर फिल्टर काढून बघा, कच्च्या रस्त्याच्या धुळीने तो चोंदला तरी काळाच धूर येतो. मग टर्बोपासून इंजिनात जाणारा जाड रबरी पाईप बघा. क्लॅम्पजवळ तेलकट डाग किंवा चीर असेल, रेस दिल्यावर फुसफुस आवाज येत असेल, तर हवा तिथून पळते आहे. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात असं मला तरी वाटतं.

हे ठीक असेल तर व्हॉल्वकडे या. जुन्या गाड्यांत त्याच्या डोक्यावर वाटीसारखा डबा असतो आणि त्याला बारीक व्हॅक्यूम पाईप जोडलेला असतो. (वायरचा प्लग असेल तर तो विजेवर चालणारा, त्याला स्कॅनर लागतो.) गाडी मोकळ्या जागेत न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून उभी करा. पदर-ओढणी खोचून घ्या, पंख्याचा पट्टा फिरत असतो. इंजिन स्लोवर ठेवून मिस्त्रीला तो बारीक पाईप काढून टोक बोटाने बंद करायला सांगा. इंजिन एकदम सुरळीत झालं, तर व्हॉल्व चांगला आहे. त्याला नको तेव्हा उघडणारा सोलेनॉईड किंवा सेन्सर बिघडला आहे. काहीच फरक पडला नाही, तर हातपंपाने व्हॉल्वला व्हॅक्यूम द्यायला लावा. इंजिन अडखळायला हवं. व्हॅक्यूम टिकतच नसेल तर आतला पडदा फाटला आहे. टिकूनही इंजिनाचा आवाज बदलला नाही, तर व्हॉल्व अडकलाय किंवा वाट काजळीने बुजली आहे. मग तो खोलून बघायचा.

एक सांभाळा. अनेक गाड्यांत हीच व्हॅक्यूम ब्रेकच्या बूस्टरलाही जाते. पाईप उघडा ठेवून गाडी रस्त्यावर काढू नका.

स्कॅनरवर पी०४०१ आला तर वायू कमी जातोय, पी०४०२ आला तर जास्त. कोणता भाग गेला हे कोड सांगत नाही, त्यामुळे नुसत्या कोडवर नवा व्हॉल्व विकत घेऊ नका. पुष्कळदा काजळी खरवडून, क्लीनरने धुऊन, नवं गॅस्केट टाकून काम भागतं.

कुणी म्हणेल, "मध्ये पत्र्याची चकती घालून कायमचं बंद करू, पीयूसीत काही येत नाही." डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा दाटपणा मोजतात, हे वायू नाही, म्हणून ते खपून जातं. पण चालू गाडीच्या मागे उभ्या राहून कॅन आणि पोती चढवणाऱ्या आपणच असतो. शिवाय सेन्सर असलेल्या गाडीत दिवा लागून ओढ आणखी कमी होऊ शकते. माझं मत विचाराल तर चकती नको.

साफसफाईनंतर तोच चढ, तेवढाच भार घेऊन चढून बघा, आणि किलोमीटर व डिझेल गाडीच्या वहीत लिहा. थोड्याच आठवड्यांत पुन्हा काजळी साचली, तर ती येते कुठून हे शोधावं लागेल. तेव्हा मात्र नोझल आणि टर्बोतून येणारं ऑईल तपासायला पैसे काढा.