शोध, साक्ष आणि सत्य

'इतिहास' या शब्दाची फोड 'इति-ह-आस', म्हणजे 'असे खरोखर घडले', अशी करतात. ग्रीक भाषेतील 'हिस्टोरिया' या शब्दाचा मूळ अर्थ मात्र 'चौकशी' किंवा 'शोध' असा आहे. पहिल्या शब्दात निष्कर्ष आहे. दुसऱ्यात त्या निष्कर्षाप्रत पोहोचण्याचे श्रम आहेत. हा दुसरा शब्द आपल्या ग्रंथाच्या आरंभीच योजणारा लेखक म्हणजे हेरोडोटस.

त्याचा जन्म इ.स.पूर्व ४८४ च्या सुमारास हालिकार्नासस, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील बोद्रुम, येथे झाला. नहेम्याने यरुशलेमेचा तट बांधला तो हाच काळ. पवित्र शास्त्रातील कोरेश राजा हेरोडोटसच्या ग्रंथातही भेटतो. ग्रीक व पारसीक यांच्यातील युद्धे का झाली, हे जाणण्यासाठी त्याने दूरदूर प्रवास केला, लोकांना प्रश्न विचारले आणि उत्तरे नोंदवली. पुढे रोमन वक्ता सिसेरो याने त्याला 'इतिहासाचा जनक' म्हटले.

त्याची पद्धत एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मगिद्दो येथे योशीया राजाचा ज्याच्यामुळे अंत झाला, त्या फारो नखोने फिनिकी खलाशांना आफ्रिकेला वळसा घालण्यासाठी तांबड्या समुद्रातून पाठविले, असे हेरोडोटस लिहितो. ते तिसऱ्या वर्षी परतले. वळसा घालताना सूर्य आपल्या उजव्या हाताला होता, असे ते सांगत. हेरोडोटसला हे पटले नाही, आणि तसे त्याने लिहिले. परंतु त्यांचे म्हणणे त्याने गाळले नाही. विषुववृत्ताच्या दक्षिणेला दूरवर पश्चिमेकडे जाताना सूर्य उजवीकडे, म्हणजे उत्तरेलाच दिसतो, हे आज आपण जाणतो. ज्या तपशिलावर त्याचा विश्वास बसला नाही, तोच त्या वृत्तान्ताचा सर्वांत बळकट पुरावा ठरला!

हेरोडोटस निर्दोष नव्हता. पारसीक पायदळाचा त्याने दिलेला सतरा लक्षांचा आकडा आज अभ्यासक स्वीकारीत नाहीत. तथापि ऐकलेले काय आणि आपले मत काय, हे वेगळे ठेवण्याची शिस्त त्याने घालून दिली.

वाचकहो, आता लूककृत शुभवर्तमानाची पहिली चार वचने उघडा. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी सोपवून दिलेल्या गोष्टींचा आपण मुळापासून बारकाईने शोध केला, असे लूक थियफिलाला कळवितो. तिसऱ्या अध्यायात तो तिबिर्य कैसराच्या पंधराव्या वर्षाचा उल्लेख करतो. घटनेला काळ आणि स्थळ देतो. हेतूंत मात्र भेद आहे. मानवांची थोर कृत्ये विस्मृतीत जाऊ नयेत म्हणून हेरोडोटसने लिहिले. थियफिलाला मिळालेल्या शिक्षणाची खात्री पटावी म्हणून लूकने लिहिले. शोध हा श्रद्धेचा वैरी असता, तर शुभवर्तमानाचा आरंभ शोधाच्या उल्लेखाने झाला नसता.

उपासनेनंतर एखाद्या बंधुभगिनीविषयी कानावर आलेली वार्ता आपण चौकशी न करता पुढे नेतो. चमत्काराची साक्ष सांगताना तपशील वाढवितो. देवाच्या गौरवासाठी असत्याची मदत लागत नाही. आणि खोटी साक्ष न देण्याची आज्ञा केवळ न्यायालयापुरती नाही.

मननासाठी प्रश्न :
१. मी पुढे सांगतो ते मी पाहिलेले, ऐकलेले, की केवळ मानलेले असते?
२. आपल्या मंडळीतील वृद्धांजवळील आठवणी त्यांच्या हयातीतच कोण लिहून ठेवील?