ओढ्यातील दगडांखालचा धडा



पावसाळा सरल्यावर जव्हार तालुक्यातील आमच्या सातवीच्या मुलांना मी ओढ्यावर नेले. सोबत पांढरी ताटे, चहाच्या गाळण्या आणि दोन भिंगे एवढेच साहित्य होते.

वरच्या अंगाला पाणी खडकांवरून उसळते. उसळताना त्यात हवा मिसळते, म्हणून जास्त प्राणवायू लागणारे जीव तिथे राहतात. दगड उलटताच तीन शेपट्यांची मेफ्लायची पिल्ले आणि वाळूच्या कणांचे घर बांधणारी कॅडिसफ्लायची अळी दिसली. खेकड्यांची बिळे मात्र वारली मुलांनीच मला दाखवली.

कपडे धुण्याच्या जागेखालीही पाणी खडकांवरूनच वाहते. पण तिथे मेफ्लाय एकही नव्हती. गाळात लाल अळ्या होत्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते, म्हणून थोड्या प्राणवायूवरही त्या तगतात.

एका मुलीने विचारले, "गुरुजी, आमच्या पाड्याचा झिरा याच्याच खाली आहे ना?"

होता. मुलांनी ओढ्याचा नकाशा काढून पाड्यावरच्या मोठ्यांना दाखवला. आता कपडे झिऱ्याच्या खालच्या अंगाला धुतात.

मेफ्लाय दिसली म्हणजे पाणी पिण्याजोगे आहे, असे मात्र समजू नये. रोगजंतू भिंगातून दिसत नाहीत. पाणी उकळूनच प्यावे.

आपल्या शब्बाथशाळेच्या मुलांनाही जवळच्या ओढ्यावर न्या. पाहून झाल्यावर प्रत्येक दगड होता तसाच ठेवायला सांगा. त्याखाली कोणाचे तरी घर असते.