भाला फेकायचा की मिरवायचा?

संग्रहालयात काचेमागे ठेवलेला भाला फेकण्यासाठी घडवला होता की मिरवण्यासाठी, हे कसे ओळखाल? बहुतेक जण नक्षी पाहून ठरवतात. त्यापेक्षा त्याचे वजन कुठे आहे ते पाहावे.

एक प्रयोग करा. तामलवाडीच्या शिवारात कडब्याला तोटा नाही. ज्वारीचे हातभर लांबीचे सरळ धाट घ्या. एका टोकाला सुपारीएवढा ओल्या मातीचा गोळा लिंपा. धाट बोटावर आडवे तोलून पाहा. जिथे ते तोलले जाते तिथे त्याचा गुरुत्वमध्य. आता समोर कोणी नाही याची खात्री करून ते गोळा पुढे ठेवून फेका, मग मागे ठेवून फेका. दुसऱ्या खेपेला ते हवेत उलटू पाहते. तिरक्या झालेल्या धाटावर हवेचा जोर साधारण मध्यभागी एकवटतो. गुरुत्वमध्य त्याच्या पुढे असेल तर हवाच धाटाला पुन्हा सरळ करते. मागे असेल तर ते फिरते.

हा फरक किती नाजूक आहे पाहा. १९८४ साली पूर्व जर्मनीच्या उवे होन याने १०४.८० मीटर भाला फेकला. मैदाने अपुरी पडण्याची भीती निर्माण झाली. तेव्हा १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे नेला. वजन ८०० ग्रॅमच राहिले. पण टोक लवकर खाली झुकू लागले आणि फेकी आखूड झाल्या.

मराठ्यांचा विटा हा फेकीचाच भाला. त्याला दोरी बांधलेली असे, म्हणजे फेकून परत ओढता येई. उलट दरबारातला भालदार! नावात भाला असला तरी त्याचे काम ललकारी देण्याचे. तासन्‌तास उभा धरायचा भाला वरच्या टोकाला जड असला तर मनगटाला रग लागते.

नक्षी मात्र फसवते. न्यूझीलंडच्या माओरी लोकांचे ‘तायाहा’ हे लाकडी शस्त्र पाहा. त्याच्या एका टोकाला कोरलेला चेहरा असतो आणि बाहेर काढलेली जीभ हेच त्याचे अणकुचीदार टोक. पाहणारे त्याला नक्षीचा भाला समजतात. वास्तविक ते दोन्ही हातांनी धरून लढण्याचे शस्त्र आहे. जिभेने भोसकायचे आणि दुसऱ्या, चपट्या टोकाने घाव घालायचा. फेकायचे नसल्यामुळे वजन पुढे असण्याची गरजच नाही. पाहुण्यांच्या स्वागतविधीत ते आजही हाती घेतात, म्हणजे मान आणि मार दोन्ही एकाच लाकडात!

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रे आहेत. तिथे गेलात तर प्रत्येक भाल्याचा फाळ केवढा आणि दांडा कुठे जाड आहे हे टिपून घ्या, आणि तो कुठे तोलला जाईल याचा अंदाज बांधा.